सात नंबरचा डबा

"काय गं, तुझा सात नंबर गचकला बहुतेक," मामांचा फोन सकाळी सव्वासहाला आला. "काल रात्रीपासनं डोळा मारत नाहीये."

डोळा मारणं म्हणजे डब्यातला लाल एलईडी लुकलुकणं. खरं तर तो दिवा ठेवायची काही गरज नव्हती. बॅटरी खाणारी प्रत्येक गोष्ट काढून टाका, असं आमच्या गाइडनी बजावलं होतं. पण मामांचा सवाल सरळ होता: दिवा नाही तर यंत्र जिवंत आहे हे मला कसं कळायचं? बाग त्यांची, मुक्काम त्यांच्याकडे, जेवण मामीच्या हातचं. मी दिवा ठेवला. आणि मोटरघरातल्या माझ्या लॅपटॉपने ओरडायच्या आधी मामांनाच कळलं, कारण लॅपटॉप रात्रीच्या लोडशेडिंगमध्ये बंद पडला होता.

२०११ चा नोव्हेंबर. मी पुण्यात एम.ई.च्या दुसऱ्या वर्षाला होते. प्रोजेक्टचा विषय जड नावाचा होता: वायरलेस सेन्सर नेटवर्कमध्ये डेटा एकत्र करत नेण्यासाठी ट्री टोपोलॉजी. पहिलं वर्ष सिम्युलेटरवर गेलं. स्क्रीनवर शंभर ठिपके, प्रत्येक ठिपक्याभोवती एक वर्तुळ. वर्तुळाच्या आत सगळं ऐकू येतं, बाहेर काहीच नाही. त्या ठिपक्यांवर मी हवी तशी झाडं उभी केली आणि आलेखही सुंदर आले. गाइड म्हणाले, "आता हेच कुठेतरी मातीत लावून दाखव."

माती म्हटल्यावर मला दिंडोरी तालुक्यातली मामांची पाच एकर द्राक्षबाग आठवली. मामा तयार झाले त्याला कारण होतं. २००९ च्या नोव्हेंबरातल्या फयान वादळाच्या पावसानंतर त्यांचा निम्मा माल डाऊनीने नेला होता. डाऊनीची बुरशी पानावर पाण्याचा पातळ थर असल्याशिवाय आत शिरत नाही. रात्री पान किती तास ओलं राहिलं हे कळलं, तर फवारणी कधी करायची आणि कधी पैसे वाचवायचे, हे ठरवता येतं. आयआयटी मुंबईच्या मंडळींनी त्याआधीच नाशिकच्या सुला वाइनयार्डमध्ये असे सेन्सर लावून पाहिले होते. मामांनी ते ऐकलं होतं. "त्यांच्याकडे लागलं तर माझ्याकडे का नको?" एवढंच ते म्हणाले.

कॉलेजकडे टेलॉसबी जातीचे चोवीस मोट होते, त्यातले तेवीस चालू: एक मोटरघरासाठी, बावीस बागेसाठी. मोट म्हणजे आगपेटीपेक्षा थोडा मोठा बोर्ड: दहा किलोबाइट रॅम, एक छोटा प्रोसेसर, २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ आणि पाठीला दोन पेन्सिल सेल. पान किती ओलं आहे ते मोजायला मी पीसीबीवर फणीसारखे तांब्याचे दोन पट्टे एकमेकांत गुंतवून घेतले होते. दव पडलं की पट्ट्यांमध्ये पाण्याचा पूल होतो आणि रोध घसरतो. हे सगळं ठेवायला मामीने मायेने स्टीलचे डबे काढून दिले. तिला समजावता समजावता माझी पुरेवाट झाली, की बाई गं, स्टीलमधून रेडिओ बाहेर पडत नाही. शेवटी एक मोट तिच्या डब्यात घालून झाकण लावलं, लॅपटॉपवरची ओळ थांबलेली दाखवली, झाकण काढलं, ओळ सुरू. तेव्हा तिने डबे परत मांडणीत ठेवले. मग नाशिकच्या रविवार कारंजावरून प्लॅस्टिकचे बावीस डबे आणले, प्रत्येकात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकल्या, वर पांढऱ्या रंगाने नंबर घातले आणि वेलींच्या लोखंडी अँगलला तारेने बांधले.

आता झाडाचं सांगते. पाच एकरांची ती बाग लांबट आहे, मोटरघर एका टोकाला, दुसऱ्या टोकाला ओहोळ. साधारण अडीचशे मीटर. या रेडिओला मोकळ्या जागेत पाऊणशे ते शंभर मीटर जमतात असं कागदावर लिहिलेलं असतं. म्हणजे ओहोळाकाठच्या डब्याचा आवाज मोटरघरापर्यंत थेट पोचत नाही. मधल्या डब्याने तो ऐकून पुढे द्यायचा. प्रत्येक डबा शेजाऱ्यांमधून एकाला आपला पेरेंट निवडतो. त्या पेरेंटचा पुन्हा पेरेंट. असं करत सगळ्या वाटा मोटरघरातल्या मोटपाशी मिळतात, त्याला रूट म्हणायचं. चित्र काढलं की झाड दिसतं.

"मूळ मोटरघरात आणि फांद्या बागेत. म्हणजे झाड आडवं पाडलंय," मामा म्हणाले. पेरेंट वगैरे त्यांनी पहिल्याच दिवशी मोडीत काढलं. "एकोणीसचा बाप कोण?" "चौदा." "चौदाचा?" "सात." "आणि साताचा?" "मोटरघर." त्यानंतर दोन महिने आमच्यात हीच भाषा चालली. माझ्या रिपोर्टात पेरेंट, शेतात बाप.

बाप निवडायचा नियम मी लिहिला नव्हता. मोटवर चालणाऱ्या टायनीओएसमध्ये कलेक्शन ट्री प्रोटोकॉल तयार मिळत असे. ओमप्रकाश ग्नावली, फिलिप लेविस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये त्यावर लिहिलेला निबंध तेव्हा आमच्या लॅबमध्ये पाठ झालेला होता. नियम थोडक्यात असा: एक पाकीट रूटपर्यंत पोचवायला सरासरी किती वेळा पाठवावं लागेल, याचा प्रत्येक डबा अंदाज ठेवतो आणि ज्या शेजाऱ्यामार्फत हा आकडा सगळ्यांत कमी पडतो त्याला बाप करतो. हवा बदलली, मध्ये काही आलं, की आकडा बदलतो आणि बापही बदलतो. झाड स्वतःच वाकतं, सरकतं. हे मला फार गोड वाटायचं.

ही गोडी नोव्हेंबरात उतरली.

मामांच्या फोननंतर मी पुण्याहून दुपारची एसटी पकडली. सात नंबरच्या डब्यात मुंग्या होत्या, पण मुंग्यांचा दोष नव्हता. सेल मेले होते. बाकीचे डबे ठणठणीत. लॅपटॉपवरची नोंद उघडली तेव्हा प्रकार कळला: बावीसपैकी चौदा डबे साताच्या मागे उभे होते. स्वतःचं धरून मिनिटाला पंधरा पाकिटं तो एकटा वाहत होता.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही डबे बांधले तेव्हा गोडी छाटणी नुकतीच झाली होती. बाग म्हणजे नुसत्या काड्या आणि तारा. सगळ्यांना सगळे दिसत होते. झाड रुंद, ऐसपैस पसरलेलं. मग डोळे फुगले, पोंगे निघाले, फुटी वाढल्या, आणि नोव्हेंबरच्या मध्यावर सगळ्या ओळी पानांनी भरून गेल्या. पानात मुख्यतः पाणी. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींना पाणी शोषून घेतं. माझ्या सिम्युलेटरमधली वर्तुळं त्या पानांत विरून गेली. एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जाणारे दुवे एकेक करत कच्चे पडले. सात नंबर मात्र ट्रॅक्टरच्या वाटेच्या तोंडाशी होता. ब्लोअर फिरायला सोडलेली ती मोकळी पट्टी थेट मोटरघराकडे जाते. तिथली हवा स्वच्छ, म्हणून पाकीट पहिल्या फटक्यात पोचायचं, म्हणून सगळ्यांनी त्यालाच बाप केलं. प्रोटोकॉलने काहीही चुकीचं केलं नव्हतं. त्याला फक्त वाट किती चांगली आहे एवढंच कळत होतं. वाट दाखवणाऱ्याच्या सेलमध्ये किती जीव उरलाय, हे तो विचारतच नव्हता.

मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ओढणाऱ्या बैलाच्याच मानेवर जू. त्यात नवीन काय?"

नवीन काही नव्हतं, पण हिशेब करायचा राहिला होता. मोटरघराच्या ओट्यावर बसून वहीच्या मागच्या पानावर केला. रेडिओ नुसता कान देऊन बसला तरी वीसएक मिलिअँपिअर खातो. पेन्सिल सेलमध्ये दोन हजारांच्या आसपास मिलिअँपिअर-तास. म्हणजे सतत जागा ठेवला तर शंभर तास, चार दिवस, खलास. म्हणून रेडिओ झोपवतात. तो सेकंदातून एकदा क्षणभर कान टवकारतो आणि पुन्हा झोपतो. पण मग पाठवणाऱ्याला समोरचा कधी जागा होईल ते माहीत नसतं; तो जागा होईपर्यंत हाका मारत राहायचं. एका पाकिटाला सरासरी अर्धा सेकंद. दुवा कच्चा असला तर पुन्हा पूर्ण सेकंद, पुन्हा पूर्ण सेकंद. झोपेची किंमत अशी पाठवणाऱ्याच्या डोक्यावर जाते. जो डबा फक्त स्वतःचं पाठवतो त्याला हे परवडतं. जो पंधरा जणांचं पाठवतो तो मिनिटातले सात-आठ सेकंद तरी ओरडत असतो, आणि साताच्या मागच्या चौदापैकी काहींचे दुवे इतके वाईट होते की त्याला ऐकण्यातही तेवढाच वेळ जात होता.

शिवाय मिनिटाला एक नोंद ही माझी हाव होती. पान ओलं आहे का, हे मिनिटामिनिटाला विचारण्यात काही अर्थ नाही. पण थीसिसमध्ये डेटा पॉइंट्स भरपूर दिसले पाहिजेत ना!

गाइडनी फोनवर सुचवलं की सर्वांत जास्त दिवस टिकेल असं झाड शोधून काढ आणि तेच कायम ठेव. कागदावर हा सुंदर प्रश्न आहे. मात्र तो त्या कुप्रसिद्ध प्रश्नांच्या कुळातला आहे, ज्यांत डबे वाढले की अचूक उत्तराला लागणारा वेळ हाताबाहेर जातो. जवळपास जाणाऱ्या युक्त्यांवर समाधान मानायचं. मी तशी एक युक्ती लिहिली, बॅटरी उतरलेल्या डब्याचा भाव वाढवणारी. सात दमला की झाड सहावर कलायचं, सहा दमला की आठवर. पण ट्रॅक्टरच्या वाटेला लागून होते तेच तीन डबे. ओझं फिरलं, पण कमी झालं नाही.

ओझं कमी करायचं तर वाटेतच बेरीज करायला हवी होती. तीच माझ्या विषयाच्या नावातली खरी गोष्ट होती आणि मी ती पुढच्या सेमिस्टरसाठी राखून ठेवली होती. बर्कलीच्या सॅम्युअल मॅडन, मायकेल फ्रँकलिन, जोसेफ हेलरस्टाइन आणि वेई हाँग यांनी २००२ मध्ये टॅग नावाची पद्धत मांडली होती. सगळ्यांचे आकडे रूटपर्यंत न्यायचे आणि तिथे बेरीज करायची, हे कशाला? प्रत्येक बापाने मुलांचे आकडे घ्यावेत, स्वतःचा मिळवावा आणि पुढे एकच पाकीट द्यावं. आधी टोकाचे डबे बोलतात, मग त्यांचे बाप, मग त्यांचे. एका फेरीत प्रत्येकाने एकदाच पाठवायचं. माझ्या बागेत प्रत्येक आकडा सरासरी तीन उड्या मारून पोचत होता, म्हणजे एका फेरीला सहासष्ट वेळा पाठवणं. वाटेत बेरीज केली तर बावीस. आणि साताच्या वाट्याला पंधराऐवजी एक.

मी चार दिवस मामांच्या ओसरीवर बसून ते लिहिलं. पहिल्या रात्री मोटरघरात सरासरी आली पाच तास चाळीस मिनिटं. दव जेमतेम पडलेलं. चूक शाळकरी होती, सांगायला लाज वाटते. प्रत्येक डबा मुलांकडून आलेल्या सरासऱ्यांची पुन्हा सरासरी काढत होता. तीन डब्यांच्या फांदीची सरासरी आठ आणि एकट्या डब्याची सोळा, यांची सरासरी बारा नव्हे. चार डबे मिळून चाळीस, म्हणून दहा. सरासरी वर पाठवायचीच नसते. बेरीज आणि डोकी, असे दोन आकडे पाठवायचे आणि भागाकार रूटवर करायचा. टॅगच्या निबंधात हे स्वच्छ लिहिलेलं आहे. मी ते परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते.

दुसरी भानगड जास्त चिवट होती. मुलाने बापाला पाकीट दिलं, बापाला मिळालं, पण पोच वाटेत हरवली. मुलाला वाटलं गेलंच नाही; त्याने दुसरा बाप धरला आणि तेच पुन्हा दिलं. आता एकच आकडा दोन फांद्यांतून वर चढतो आणि बेरजेत दोनदा धरला जातो. एका पहाटे डोकी पंचवीस आली. बागेत डबे बावीस. मामा खो-खो हसले: "मजुरांच्या हजेरीतपण असंच होतंय. मुकादम बदलला की एक बाई दोन टोळ्यांत."

त्यांच्या त्या वाक्यावरूनच मला हजेरी सुचली. बावीस डबे, बावीस बिट्स. चार बाइटमध्ये मावतात. प्रत्येक डब्याने बेरजेबरोबर एक हजेरीपट पाठवायचा: या बेरजेत कोण कोण आहेत. दोन मुलांचे हजेरीपट कुठे एकमेकांवर आले तर त्यातला लहान गट टाकून द्यायचा, कारण बेरजेतून एकाचाच आकडा मागाहून वजा करता येत नाही. मग डोकी वेगळी पाठवायचीही गरज उरली नाही, हजेरीतले एक मोजले की झालं. मला स्वतःवर खूश व्हायला तेवढं पुरलं. सात नंबरला नवे सेल, पंधरा मिनिटांची फेरी, आणि वर चिव्याच्या काठ्या बांधून आठ डबे पानांच्या वर उचलले. डिसेंबर सुरू झाला तेव्हा सगळं घड्याळासारखं चालत होतं. रोज सकाळी मामांना मी एक आकडा सांगायची: काल रात्री सरासरी तीन तास. परवा अडीच. मामा फवारणी पुढे ढकलत होते.

मग एका सकाळी ते फेरीवरून आले आणि चहाच्या कपाशेजारी एक पान ठेवलं. वरून तेलाचा थेंब पडावा तसा पिवळसर डाग. त्यांनी पान उलटं केलं. खाली पांढरी लव.

"ओहोळाच्या कोपऱ्यातून आणलंय," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

डाग आज दिसला म्हणजे लागण काही दिवसांपूर्वीची. त्या दिवसांत मी तीन तास, तीन तास म्हणत होते. उठून कोपऱ्यात गेले. तिथली जमीन खोलगट आहे. सकाळी आठ वाजताही तिथे थंड ओलसर वाटत होतं आणि घडांवर धुक्याचं पाणी होतं. एकोणीस आणि वीस नंबरचे डबे त्या कोपऱ्यात. मोटवर एक मेगाबाइटची फ्लॅश असते आणि नशिबाने मी कच्च्या नोंदी तिच्यात ठेवत होते. एकोणीस सोडवून आणला, यूएसबीला लावला. आकडे सरकत गेले. त्या आठवड्यातली सगळ्यांत वाईट रात्र: नऊ तास. वीस नंबरवरही नऊ. उरलेले वीस डबे अडीच तासांच्या आतबाहेर, साधारण दोन तास चोवीस मिनिटं. वीस गुणिले दोन पूर्णांक चार, अठ्ठेचाळीस. अधिक अठरा. सहासष्ट भागिले बावीस, तीन. अगदी बरोबर, सगळी डोकी हजर. गणित निर्दोष होतं आणि कोपरा डाऊनीने भरला होता.

मी मामांना हा हिशेब दाखवला. माफी कशी मागायची ते सुचेना म्हणून हिशेब दाखवला, हे खरं. त्यांनी वही बाजूला सारली. "डेअरीवर कॅनमध्ये दूध ओततात ना, त्याच्या आधी फॅट लावतात. ओतल्यावर नाही. ओतल्यावर कोणाच्या बरणीत पाणी होतं ते ब्रह्मदेवाला कळत नाही. तू ओतल्यावर लावतेस."

झाडावर बेरीज करत नेणं म्हणजे प्रत्येक बापाने दूध कॅनमध्ये ओतत जाणं. ओतायचं नाही म्हटलं तर सात मरतो. काय ओतायचं आणि कशाला बाजूला ठेवायचं, हे मी ठरवलंच नव्हतं. सरासरी का घेतली? कारण निबंधांत पहिलं उदाहरण सरासरीचं असतं आणि आलेखात ती गुळगुळीत दिसते. मामांना सरासरी कधीच नको होती. त्यांना हवं होतं: सगळ्यांत ओलं कुठे आहे आणि किती.

आणि गंमत अशी, की सगळ्यांत मोठा आकडा झाडावरून नेणं बेरजेपेक्षा सोपं. मुलांचे आकडे आणि स्वतःचा, यांतला मोठा ठेवायचा, त्याच्याबरोबर डब्याचा नंबर. तोच आकडा दोन वाटांनी चढला तरी बिघडत नाही. मोठ्यातला मोठा तोच राहतो. बेरजेसाठी मी ज्या हरवलेल्या पोचांशी रात्र-रात्र झगडले, त्यांचा इथे प्रश्नच येत नाही. मधला आकडा, म्हणजे सगळे चढत्या क्रमाने लावून मध्ये येतो तो, काढायचा असता तर मात्र कठीण होतं. तो असा वाटेत आटवता येत नाही. जवळपास सगळे आकडे वर न्यावेच लागतात.

नवीन पाकीट असं झालं: सगळ्यांत मोठा आकडा आणि तो कोणाचा, सगळ्यांत लहान आणि तो कोणाचा, बेरीज, हजेरी. बारा बाइट. टायनीओएसमध्ये पाकिटात अठ्ठावीस मावतात. म्हणजे हे पहिल्या दिवसापासून जमण्यासारखं होतं, त्याला एक पैसाही जास्त लागला नसता. हजेरी आता दुसऱ्याच कारणासाठी मोलाची ठरली. एकोणीस गैरहजर असेल तर 'सगळ्यांत मोठा' आकडा खोटा दिलासा देतो. म्हणून मामांना सकाळी जो एसएमएस जायचा त्यात आधी गैरहजरांचे नंबर आणि मग आकडा, असा क्रम मी ठेवला. "गैरहजर: कोणी नाही. जास्त: १९, ८ तास १० मि." मामा मग फक्त ओहोळाकडच्या बारा ओळींना औषध मारायचे. त्यांचा त्या कोपऱ्यातला माल तरीही गेला, बाकीचा वाचला. तो कोपरा माझ्या नावावर आहे.

सात नंबरचे दुसरे सेल फेब्रुवारीत काढणी सुरू झाली तरी चालू होते. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, वाटेत बेरीज केल्याने नक्की किती टक्के ऊर्जा वाचली? मला सांगता आलं नाही. मी एकाच आठवड्यात तीन गोष्टी बदलल्या होत्या: बेरीज, पंधरा मिनिटांची फेरी आणि काठ्यांवर उचललेले डबे. कोणाचं श्रेय किती, वेगळं काढायला माझ्याकडे काही नव्हतं. शेतात माल जात असताना बाकीचे घटक स्थिर ठेवून प्रयोग करायची माझी हिंमत झाली नाही. गुण जरा कमी मिळाले. पानांबद्दलचं माझं प्रकरण मात्र त्यांना आवडलं. त्यावर ते म्हणाले, नेदरलँडमधल्या बटाट्याच्या शेतातला २००६ चा निबंध वाचलास का? वाचला नव्हता. शीर्षकच 'मर्फी लव्ह्ज पोटॅटोज' असं होतं. लेखकांनी सेन्सरचं जाळं रोगाच्या अंदाजासाठीच लावलं होतं आणि जे जे फसू शकतं ते कसं फसलं, हे दिलखुलास लिहून ठेवलं होतं. तो निबंध ऑक्टोबरमध्ये वाचला असता तर माझे बरेच एसटीचे पैसे वाचले असते. आमच्या विषयात फसलेल्या गोष्टींचे निबंध कमी आणि ते सगळ्यांत उपयोगी, असं माझं मत तेव्हापासून आहे.

आता मी विजेच्या स्मार्ट मीटरच्या कामात आहे. तिथेही हजारो मीटर आपापला बाप निवडून झाडासारखे रूटपर्यंत बोलतात, नियम तेवढा २०१२ च्या आरपीएल नावाच्या मानकाचा. कोणी नवीन मुलगा सगळ्यांचं मिळून एकच सरासरी दाखवणारा डॅशबोर्ड घेऊन आला, की मी त्याला विचारते, यात गैरहजर कोण आहेत? बहुतेकदा त्याला माहीत नसतं.

मामांच्या बागेत आता सिमकार्डवाला तयार हवामान-केंद्राचा खांब आहे. झाड नाही, बाप नाहीत, एकच खांब आणि सरळ मोबाइलवर मेसेज. कंपनीची माणसं आली तेव्हा ती मोटरघराशेजारी उभा करायला निघाली होती, कारण तिथे रेंज चांगली आणि गाडी थेट जाते. मामांनी त्यांना ओहोळाच्या कोपऱ्यात नेलं आणि तिथेच खड्डा घ्यायला लावला. तुमच्याकडे असा खांब येणार असेल, तर आधी पहाटे सहाला बागेत एक फेरी मारा, पानांना हात लावून पाहा, आणि जिथे हात सगळ्यांत ओला होईल तिथेच खड्डा घ्यायला सांगा.